दर्यापूर केंद्राचे नऊ लाख शेतकरी

उज्मा रहमतुल्ला खान अमरावतीहून कॉम्प्युटरची पदवी घेऊन दर्यापूरला परत आली, तेव्हा वऱ्हाडात शेतकरी आत्महत्यांवरच्या सरकारी पॅकेजची वर्षं चालू होती. रोज एखादं पथक यायचं, एखादी योजना जाहीर व्हायची. त्यातल्याच एका योजनेतून दर्यापूरला शेतकरी माहिती केंद्र उघडलं होतं. सात कॉम्प्युटर, एक इंटरनेटची लाईन आणि भिंतीवर बोंडअळीचं मोठं चित्र. केंद्रप्रमुख म्हणून वामनराव ठाकरे नावाचे निवृत्तीला टेकलेले गृहस्थ होते. उज्मा कंत्राटावर ऑपरेटर म्हणून लागली. केंद्रात शेतकरी मात्र येत नव्हते. वामनराव दर महिन्याला लाभार्थ्यांचा आकडा फॅक्सने वर कळवत. 'निरंक', एवढाच.

उन्हाळ्यात एक दिवस व्होल्टेज वाढलं आणि सगळ्या कॉम्प्युटरांना इंटरनेट वाटून देणारी डबी, म्हणजे राऊटर, जळाली. नवीन मागवली, पण ती काही येईना. उज्माला कॉलेजपासून एक नाद होता. जगभरातली माणसं मिळून जी फुकट, खुली सॉफ्टवेअरं लिहितात, त्यांच्या चर्चा ती वाचायची. त्यात 'नॉर्डवेग' नावाचं एक सॉफ्टवेअर होतं. जुन्या कॉम्प्युटरवर ते टाकलं की त्याचाच राऊटर व्हायचा. अजून ते कच्चं होतं. योनास नावाच्या नॉर्वेच्या माणसाने त्याची पहिली प्रिव्ह्यू आवृत्ती चाचणीसाठी सोडली होती आणि सोबत बजावलं होतं, की जिथे कुणाचं काही अडणार नाही अशाच ठिकाणी हे चालवावं.

उज्माने हे वामनरावांना वाचून दाखवलं. त्यांनी रिकाम्या खुर्च्यांवरून एकदा नजर फिरवली.

"इथं कोनाचं काय अडते?" ते म्हणाले. "टाकून दे."

कोपऱ्यात पडलेल्या आठव्या, जुन्या कॉम्प्युटरवर तिने नॉर्डवेग टाकलं आणि ते चाललं. सातही कॉम्प्युटर इंटरनेटला लागले. पडद्यावर एका बाजूला आकडा दिसायचा: आजवर जोडलेले, सात. उज्माला इतका आनंद झाला की त्या दिवशी तिने घरी जाताना अब्बांसाठी आणि अम्मीसाठी जिलेबी नेली.

मग ती मावसबहिणीच्या लग्नाला अंजनगाव सुर्जीला गेली. परत आली तर वामनराव नवा सदरा घालून बसले होते. महिनाअखेरीला फॅक्स लिहिताना त्यांनी सहज पडद्यावर पाहिलं, तर आकडा आठशे शहाण्णव होता. कॉम्प्युटर खोटं कशाला बोलेल, म्हणून त्यांनी तोच कळवला. वरून शाबासकीचा फोन आला होता.

दोन दिवस उज्माने मशीनवर पाळत ठेवली आणि तिला कारण सापडलं. भारनियमनात वीज जायची. मशीनला जोडलेली बॅटरी थोडा वेळ तग धरायची आणि तीही बसली की मशीन बंद पडायचं. वीज आल्यावर ते उठायचं ते भांबावून. जुनी सगळी नावं धरून ठेवायचं, आणि तीच नावं पुन्हा नवी म्हणून मोजायचं. म्हणजे बॅटरी बसली की आकडा दुप्पट.

"सर, हे मानसं नाईत," ती वामनरावांना म्हणाली. "आपले सात कॉम्प्युटरच हायेत. तेच ते पुन्हा पुन्हा मोजून राह्यलं."

वामनरावांना ते पटलं, पण त्यांचा चेहरा पडला. मागच्या महिन्यात आठशे कळवल्यावर या महिन्यात सात कसे कळवायचे, हा त्यांचा प्रश्न होता. तोवर आकडा सात हजारांवर गेला होता.

उज्माने योनासला दोष कळवला. त्याचं उत्तर आलं, की त्याच्या खोलीत मशीन कित्येक महिने चालू आहे, पण असं काही होत नाही. तिने लिहिलं, वीज घालवून बघ. त्यावर त्याने फार आदराने विचारलं, की इतक्या वेळा आणि इतक्या वेगवेगळ्या वेळी वीज घालवण्याची व्यवस्था तुम्ही कशी केली? ते काम कोण करतं? उज्माने खरं ते लिहिलं, की ते सरकारी मंडळी करतात. योनास भारावून गेला. एका देशाचं सरकार आपल्या कच्च्या सॉफ्टवेअरची एवढी कसून चाचणी घेतंय, हे त्याला अपेक्षित नव्हतं. त्याने दोष दुरुस्त केला आणि दुसरी प्रिव्ह्यू सोडली. तिच्यात आभाराच्या जागी दर्यापूरच्या वीजपुरवठ्याचं नाव होतं.

दुसरी आवृत्ती टाकायला उज्मा बसली, तेव्हा वामनरावांनी तिचा हात थांबवला. वर विचारल्याशिवाय नको, म्हणाले. वरून निरोप आला, की ज्या सॉफ्टवेअरने असा निकाल दिला त्याला कुणीही हात लावू नये.

मग गोष्टी भराभर घडत गेल्या. आकडा लाखावर गेला, तशी पेपरात बातमी आली. एवढी गर्दी आवरायची कशी, म्हणून केंद्रासमोर बांबूच्या रांगा उभारल्या गेल्या. पाण्याचा टँकर येऊन उभा राहिला. होमगार्डचा सहदेव शिट्टी घेऊन बंदोबस्ताला आला. समोर एकाने चिवड्याची गाडी लावली. जे चारदोन शेतकरी कधीमधी चौकशीला येण्याचा विचार करत होते, त्यांनी पेपर वाचून तो सोडून दिला. तिथं तुफान गर्दी असते, आपला नंबर काही लागत नाही, असं सगळीकडे झालं. अकोल्याकडून येणाऱ्या जीपवाल्यांनी तिथे थांबा सुरू केला, पण उतरणारं कुणी नव्हतं. सहदेव दिवसभर रिकाम्या रांगेकडे डोळ्यांत तेल घालून बघायचा. मध्येच शिट्टी मारायचा. उज्माने त्याला विचारलं तर म्हणाला, शिस्त मोडल्यावर शिट्टी मारून काय उपयोग.

इतक्या शेतकऱ्यांचं केंद्र अंधारात राहू नये, म्हणून त्याला भारनियमनातून सूट मिळाली. वीज जाणंच बंद झालं. आणि वीज जाईना म्हणून आकडा साडेचार लाखांवर जो थांबला तो थांबलाच.

महिनाभराने दोघांना अमरावतीला बैठकीला बोलावलं. मोठ्या साहेबांनी भिंतीवरच्या आलेखाकडे बोट करून विचारलं, की प्रगती का खुंटली? उज्मा उभी राहिली. तिने सगळं सांगितलं: सात कॉम्प्युटर, कच्ची आवृत्ती, बॅटरी, आणि वीज गेल्याशिवाय आकडा वाढत नाही हेसुद्धा. साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं. मधे एकदाही टोकलं नाही.

"मग वीज घालवा," ते म्हणाले.



दुसऱ्या दिवसापासून केंद्राच्या दारातल्या खांबावर एक लाईनमन नेमला गेला. मशीनची बॅटरी प्रगतीच्या आड येत होती, म्हणून ती काढून ठेवण्यात आली. लाईनमनने पहिल्यांदा वीज घालवून पुन्हा दिली आणि आकडा नऊ लाखांवर गेला. पुढचं दुप्पट करणं पुढच्या आठवड्यात करायचं ठरलं, म्हणजे आलेख एकदम उभा दिसणार नाही.

त्या पुढच्या आठवड्यात पार्बताबाई आली. ती दर्यापूरजवळच्या एका खेड्यातली. झेंडू लावायची आणि अमरावतीला नेऊन विकायची. दसरा महिन्यावर आला होता आणि तिच्या वाफ्यातली झाडं उभ्या उभ्या माना टाकत होती. मुळासकट उपटलेलं एक झाड तिने पिशवीत आणलं होतं. सहदेवाने तिला अडवलं. मावशी, तुमच्या आधी नऊ लाख लोक आहेत, म्हणाला. पार्बताबाईने बांबूंच्या रिकाम्या वळणांकडे पाहिलं, मग सहदेवाकडे पाहिलं, आणि रांगेच्या शेवटी जाऊन सावलीला बसली. सरकारी काम म्हटल्यावर असंच असणार, असं तिला वाटलं.

दुपारी चहा प्यायला उज्मा बाहेर आली, तेव्हा तिला ही बाई दिसली. कधीपासून बसलात, तिने विचारलं. सकाळपासून, पार्बताबाई म्हणाली. केंद्र उघडल्यापासून स्वतःहून चालत आलेलं हे पहिलं माणूस असेल. उज्माने बांबू वर करून तिला खालून आत घेतलं, खुर्ची दिली, पाणी दिलं. झाड टेबलावर ठेवून देठ बघितलं. बुडाशी ते काळं पडून मऊ झालं होतं. तिने कॉम्प्युटरवर शोधायला सुरुवात केली. पहिलं पान उघडतंय तोच पंखा थांबला, पडदा काळा झाला. बाहेर लाईनमनने ठरल्या वेळी वीज घालवली होती.

पार्बताबाई काळ्या पडद्याकडे बघत राहिली.

"एवढ्या लोकायचं काम झालं, माय," ती म्हणाली, "अन् माह्याच वक्ती काहून गेली?"

उज्माने स्वतःचा मोबाईल काढला आणि अकोल्याला कृषी विद्यापीठात शिकत असलेल्या मैत्रिणीला, रागिणीला, फोन लावला. रागिणीने आपल्या सरांना विचारून सांगितलं, की हा मर रोग आहे. मेलेली झाडं उपटून जाळायची, पाणी तोडायचं, वाफ्यात साचू द्यायचं नाही, आणि उरलेल्यांच्या बुडाशी औषधाची आळवणी करायची, म्हणजे ते पाण्यात मिसळून ओतायचं. उज्माने औषधाचं नाव एका चिठ्ठीवर लिहून दिलं. पार्बताबाईने ती कनवटीला खोचली, रिकामी पिशवी घेतली आणि बांबूंच्या वळणांनीच बाहेर पडली. मधून जाता येत होतं, पण ती वळणावळणाने गेली.

मग उज्मा खांबापाशी गेली आणि लाईनमनला वीज द्यायला सांगितली. आत येऊन, अठरा लाखांचा आकडा कुणी वर कळवायच्या आत, तिने मशीनवर दुसरी प्रिव्ह्यू चढवली. वामनराव तिच्या पाठीशी उभे होते. या वेळी त्यांनी हात थांबवला नाही. मशीन उठलं आणि पडद्यावर आलं: आजवर जोडलेले, सात.

चौथ्या दिवशी चौकशी पथक हजर झालं. नऊ लाख शेतकरी केंद्रातून गेले कुठे, हा चौकशीचा विषय होता. पथकाने मागची खोली उघडून पाहिली. टँकरच्या मागे पाहिलं. सहदेवाचा जबाब घेतला. सहदेवाने छातीवर हात ठेवून सांगितलं, की त्याच्या ड्युटीत एकही शेतकरी बाहेर पडलेला नाही, एक बाई सोडून, आणि ती रांगेतून नीट गेली. त्यामुळे प्रकरण जास्तच गंभीर झालं.

शेवटी वामनरावांची पाळी आली. इतकी माणसं एका दिवसात नाहीशी होतात आणि तुम्हाला पत्ता नाही, हे कसं, असं पथकप्रमुखाने दरडावून विचारलं. वामनराव नोकरीत कधी वरच्या माणसाला उलटून बोलले नव्हते. ते सावकाश उठले.

"साहेब, माह्या गावातले या साली तिघं गेले," ते म्हणाले. "खरेखुरे. मी त्यायले ओळखत होतो. त्यायले शोधाले कोनी आलं नाई."

बाहेर सहदेवाने एकदा शिट्टी मारली. पथकप्रमुखाने चष्मा पुसला, चहा मागवला, आणि चहा पिऊन पथक निघून गेलं.

अहवालात लिहिलं गेलं, की सदर शेतकरी हरवले नसून सोयीसाठी अमरावती आणि अकोला जिल्ह्यांतल्या इतर केंद्रांकडे वर्ग झाले आहेत. नऊ लाख सगळीकडे सारखे वाटून देण्यात आले. दर्यापूरला आता कुणी उरलं नाही म्हणून ते केंद्र बंद झालं. बांबू दुर्गोत्सवाच्या मंडपाला गेले. वामनराव निवृत्त झाले. उज्माचं कंत्राट संपलं आणि ती घरी बसली. अब्बांच्या मोटार वाइंडिंगच्या दुकानात तांब्याची तार गुंडाळताना तिला रडू यायचं, कधी हसू यायचं. योनासला तिने एवढंच कळवलं, की दुरुस्ती लागू पडली.

दिवाळीनंतर अकोल्याच्या केंद्राची जाहिरात आली. जठारपेठेतल्या त्या केंद्राच्या वाट्याला लाखावर शेतकरी आले होते आणि असलेल्या माणसांवर भार पडत होता. म्हणून एक ऑपरेटर हवा होता. मुलाखतीत उज्माला विचारलं, की गर्दीचा अनुभव आहे का. ती म्हणाली, आहे. तिची निवड झाली.

पहिल्या दिवशी तिने खोली उघडली तेव्हा आत सहा कॉम्प्युटर होते आणि धूळ होती. तिने खिडक्या उघडल्या, टेबलं पुसली, आणि दारावरची 'रांगेत उभे राहा' ही पाटी काढून कपाटामागे टाकली. अकराच्या सुमाराला पातूरकडचा एक म्हातारा डोकावला. इथं संत्र्याचं सांगतात का, त्याने विचारलं. त्याच्या झाडांची आंबिया बहाराची फळं गळून राहिली होती. उज्माने त्याला बसवलं, झाडाचं वय विचारलं, पाणी किती देता ते विचारलं. वीज होती. माहिती सापडली, ती तिने त्याला वाचून दाखवली. म्हातारा प्रत्येक ओळीला मान हलवत होता. कागद छापून द्या म्हणाला. तिने बटण दाबलं तेव्हा त्याने हात वर करून थांबवलं.

"अक्षर मोठं काढजो बाई," तो म्हणाला. "चष्मा घरी राह्यला."