नॉर्मनचं जाळं

मेव्हिसचा रॉड वाकला तेव्हा स्पर्धेची शेवटची शिट्टी व्हायला दहा मिनिटं उरली होती. मासा जड होता. त्या गढूळ कालव्यात असा ब्रीम वर्षातून एखादा लागतो.

शेजारच्या जागेवर क्लबचा कप्तान नॉर्मन बसला होता. त्याच्याकडे तेरा मीटरची काठी, तिला रीळ नाही, टोकात नुसतं रबर, मासा ओढेल तसं ताणणारं. मासा लागला की काठी मागे वाटेवर सरकवायची, पुढचे तुकडे सुटे करून मासा उचलायचा. क्लबात आता सगळे असेच मासे धरत. रीळवाला रॉड एकट्या मेव्हिसचा उरला होता. नॉर्मनने सकाळीच तिला बजावलं होतं, "आज पहिल्या तिघांत आलीस तर ठीक. नाहीतर संघात राहायचं तर काठी घे."

मेव्हिसने रीळवरचा दोर सोडला. मासा पळाला, तिने पळू दिलं. दमला तसं हळूहळू गुंडाळलं.

"अगं, असा दोर सोडलास तर मासा लीड्सला पोचेल!"

"पोचू दे. तिकीट मी काढते. तू तुझं रबर सांभाळ."

अखेर ब्रीम पाण्यावर आडवा झाला, चांगला ताटाएवढा. मेव्हिसने जाळं उचललं, तोच शेजारून नॉर्मनचं लांब दांड्याचं जाळं आलं आणि मासा त्यात गेला.

"सुटलीस एकदाची!" नॉर्मन म्हणाला.

मेव्हिसने वळून त्याच्याकडे पाहिलं. स्पर्धेचा नियमच होता, आपला मासा आपणच जाळ्यात घ्यायचा, दुसऱ्याने घेतला की बाद. चाळीस वर्षं क्लबात काढलेल्या नॉर्मनला हे ठाऊक नसेल?

शिट्टीनंतर वजन करायला आलेला आयव्हर तिच्याकडे न बघता म्हणाला, "हा वजनात धरता येणार नाही, मेव्हिस. तू चौथी."

"मी आपली मदत केली," नॉर्मन म्हणाला. "दमली होती बिचारी."

"दमला होता तो मासा! मी हाक मारली होती तुला?"

तिने ब्रीम पाण्यात सोडला. मग नॉर्मनचं जाळं उचललं आणि कालव्याच्या मध्यावर भिरकावलं.

"काढ आता तुझ्या काठीने. मी रविवारी रॉड घेऊनच येणार. संघातून काढायचं तर सगळ्यांसमोर काढ, आणि का काढलंस तेही सांग."

नॉर्मनने काठीचा गळ जाळ्यात अडकवला. जाळं पाणी पिऊन जड झालेलं. रबर ताणत गेलं, जाळं जागचं हलेना.

"दोर सोड की जरा!" आयव्हर ओरडला. मेव्हिस हसली नाही. ती रीळ पुसत होती.