बारकीचा कोरा अंगठा

सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. व्यासपीठावर पडदा, पडद्याला भोक आणि पलीकडे पेटीला डोळे लावून बसलेले मेंदूगुरू. भोकातून अंगठा पेटीवरच्या काचेला टेकवला, की आतून आवाज यायचा, "नाव नको, तोंड नको! मेंदूच्या घड्या अंगठ्यावर उतरतात!"

लोक माना डोलवत होते. दुकानदाराच्या दिवट्या चिरंजीवांना गुरूंनी चक्क शास्त्रज्ञ करून टाकलं. पितळी नळ घासणाऱ्यांच्या गल्लीतली पोरं मात्र एकजात ढ निघत होती.

बारकीचा निकाल मागच्याच रविवारी लागला होता. "कोरा अंगठा! बुद्धीचं दार बंद. पोराला कामाला लावा." बाबांनी तिथेच ठरवलं, महिनाअखेरीस शाळा बंद. संध्याकाळी ती नळ घासायला बसायचीच, आता दिवसभर बसायचं. वाईट हे, की बारकीलाही ते पटलं होतं. गणित समोर आलं की तिला बंद दारच दिसायचं आणि ती पेन्सिल खाली ठेवायची. भांडणार कुणाशी? आपलाच अंगठा आपल्यावर उलटलेला!

वर्गातल्या बाईंनी पेन्सिल खाली ठेवलेली पाहिली, मग तो अंगठा निरखून पाहिला. आज त्यांनी तिला ओढतच इथे आणलं होतं. मागून बाबा तणतणत आले.

"अंगठा नको," बाई कानात पुटपुटल्या, "करंगळी घाल."

बारकीने करंगळी आत सरकवली.

"अहाहा!" गुरू आतून गरजले. "काय या रेघा! हे पोर न्यायाधीश होणार. हवं तेवढं शिकवा!"

बाईंनी पडदा सर्रकन ओढला. "मागच्या रविवारी हिचंच दार बंद होतं ना? आठवड्यात कुणी उघडलं?"

गुरूंची बोबडी वळली. "ते... पेटी तापली की कधी कधी..."

"पेटीला कशाला बोल लावता?" बाई बाबांकडे वळल्या. "दाखवा बघू तुमचा अंगठा."

बाबांचाही अंगठा गुळगुळीत होता.

"खरखरीत पूड अंगठ्याने दाबून तुम्ही पितळ घासता. त्याबरोबर कातडीही झिजते. करंगळी लागत नाही, म्हणून ती वाचते; आज हिने तीच आत घातली. गल्लीतल्या पोरांच्या रेघा कामाने गेल्यात, आणि हा म्हणतो, रेघा नाहीत, आणखी कामाला लावा!"

"पण बाई, डोकी काही सारखी नसतात," बाबा चाचरत म्हणाले.

"नसतातच. कुणाला चटकन उमगतं, कुणाला वेळ लागतो. पण त्याचा खरा अभ्यास करणारे माणसाला कोडी घालतात, शिकवतात, पुन्हा घालतात. शिकलं की विचार करायची रीतही बदलते, हे त्यांना दिसतं. अंगठ्यावरून अक्कल कळत नाही." मग त्या गर्दीकडे वळल्या. "लेकराच्या डोक्याचा निकाल कुणी सांगितला, तर आधी विचारा, कसं तपासलंत? आणि पुन्हा तपासून दाखवा म्हणा."

बाबांनी बारकीचा अंगठा आपल्या अंगठ्याशेजारी धरून पाहिला. "शाळा नाही बंद करत," ते म्हणाले.

बारकीला रडू फुटलं. "पण बाई, मला खरंच येत नसेल तर?"

"तर शिकशील. सगळं येत असतं, तर शाळा कशाला हवी होती?"