चार वाजताचं आधण

चार वाजले की एव्हरशाईन सिटीतल्या त्या तिसऱ्या मजल्यावरच्या स्वयंपाकघरात आल्याचा वास उठायचा. मीरा खलबत्त्यात आलं ठेचायची, आणि तो ठोका कानी पडला की बाहेरच्या खोलीतली खुर्ची करकरायची. जयवंत चपला फरफटत आत यायचे, ओट्याला टेकायचे आणि पातेल्यात नजर लावायचे. चहा टाकणं मीराचं, राखण जयवंतांची. चहा वर चढला की गॅस बारीक, खाली बसला की मोठा. गोखिवऱ्याच्या कारखान्यात जन्म लेथ मशीनवर काढलेला माणूस. नजर लागली की लागली. त्यांच्या राखणीत चहा कधी उतू गेला नाही.

आणि तेवढ्या वेळात घरातलं सगळं बोलून व्हायचं. लेकीचं, ऋतिकाचं लग्न तिथंच ठरलं, गावच्या जमिनीचं भावांना काय सांगायचं तेही तिथंच. एरवी जयवंत म्हणजे कुलूप. समोर बसवून विचारा, "काय झालं?" की "काही नाही." पुन्हा विचारा, की पेपर वर. चहानं जीभ सुटते, अशी मीराची पक्की समजूत होती.

मग तो रिपोर्ट आला. साखर वाढलेली. डॉक्टर म्हणाले, "दूध-साखरेचा चहा आजपासून बंद. काळा घ्या, हिरवा घ्या, हवा तो घ्या." जयवंतांनी यातलं अर्धंच ऐकलं. चहा बंद. विषय संपला. चार वाजले की ते खुर्चीतच राहू लागले. मीरानं आलं ठेचून पाहिलं, तर बाहेरून आवाज आला, "उगाच कशाला ठोकतेस? खालचे तक्रार करतील."

चहा गेला तर गेला. पण त्याच्याबरोबर माणसाचं बोलणंही गेलं होतं, आणि ते मीराला सोसवेना. रिपोर्ट आल्यापासून या माणसाच्या मनात काहीतरी घोळत होतं. रात्री कूस बदलताना कळत होतं, जेवताना घास हातात थांबायचा त्यात कळत होतं. न्हाणीघरात दाढीचा आरसा रोज जमिनीवर पडलेला असायचा. "अहो, पायाखाली येऊन फुटेल ना तो!" म्हटलं, तर "बरं." बस. बरं! या 'बरं'चं काय लोणचं घालायचं?

तिनं बंगळुरूला लेकीला फोन लावला. ऋतिका म्हणाली, "अगं आई, डोंट वरी. माझ्या मैत्रिणीनं नवीन कंपनी काढलीय, 'पानोपान' नावाची. अख्ख्या पानांचा चहा. दूध नको, साखर नको. मी तुला टेस्टिंग बॉक्स पाठवते. फक्त प्रत्येक चहाचा रिव्ह्यू दे हं, तिला हवाय."

खोकं आलं. काय त्याचा थाट! आत कापसात निजवलेल्या बाळांसारख्या पाच पुड्या, काचेची किटली, बारीक जाळी आणि वर विजेची केटली. पाणी तापलं की आपोआप बंद होणारी. सोबत एक कागद: हिरव्या पानांना उकळतं पाणी घालू नये, झाकण ठेवून तीन मिनिटं थांबावं, मग डोळे मिटून पहिला घोट घ्यावा, मागाहून जिभेवर फुलं उमलतील.

"उमलू देत बाई," मीरा म्हणाली आणि तिनं पदर खोचला.

पहिल्या दिवशी हात सवयीवर गेला. हिरवी पानं पातेल्यात टाकली आणि खळखळा उकळली, चांगली मुरेपर्यंत. जयवंतांनी घोट घेतला. त्यांचा चेहरा कडुलिंबाच्या डहाळीसारखा झाला.

"गुळवेल आहे का यात?"

"चहा आहे. नवीन कंपनीचा."

"कंपनी औषधाची असेल." कप खाली. पेपर वर.

दुसऱ्या दिवशी तिनं कागद ओट्यावर टेकवून ठेवला आणि अक्षरन् अक्षर पाळलं. केटलीत पाणी भरलं, बटण दाबलं. केटली गुणगुणली, तापली आणि टक् करून आपली आपण गप्प झाली. पानं किटलीत टाकली, पाणी ओतलं, झाकण ठेवलं. तीन मिनिटांनी मोबाइलनं टिंगटिंग केलं. गाळलं. एवढ्या वेळात मीराला करायला काही उरलं नव्हतं, म्हणून ती खिडकीतून समोरच्या गच्चीवरचे कपडे बघत उभी राहिली. रंग मात्र सुरेख उतरला, कोवळ्या भाताच्या लोंबीसारखा. तिनं डोळे मिटून घोट घेतला. फुलं काही उमलली नाहीत. पावसात भिजलेल्या पेंढ्याचा वास आला, आणि त्यामागून नळाच्या पाण्यातल्या औषधाचा.

जयवंत म्हणाले, "मेथी धुतलीस का यात?"

"अहो, दोन घोट तरी घ्या नीट!"

"घेतला की." आणि कप बाजूला. मीरा समोर बसून राहिली, वाट बघत. बोला ना. काहीतरी बोला. पंख्याची बारीक करकर तेवढी ऐकू येत होती.

संध्याकाळी ऋतिकाचा फोन. "कसा वाटला, आई? फ्लोरल नोट आली का?"

"नोट बिट काही आली नाही. गवत आलं."

"आई! पाणी कुठलं वापरलंस? टँकरचं?"

"मग काय, गंगेचं आणू?"

तिसऱ्या दिवशी तिनं पिण्याच्या पाण्याची बाटली आणली. आज पांढऱ्या कळ्यांचा चहा. सगळ्यांत नाजूक, डोंगरावरच्या पहिल्या खुडणीचा, असं पुडीवर लिहिलं होतं. झाकण उचललं आणि मीरा चपापली. वास ओळखीचा होता. फार ओळखीचा. पुन्हा हुंगलं. सुके बोंबील!

तेवढ्यात दारात हाळी आली. पाचूबंदरची मासळीवाली लिली पाटी डोक्यावरून उतरवत म्हणाली, "मीरावैनी, आज बांगडे ताजे हायेत. असं तोंड का गो केलंस?"

मीरानं किटली तिच्या नाकाखाली धरली. लिलीनं वास घेतला आणि ती दारातच फतकल मारून हसायला लागली.

"आगो, हे तर माझेच बोंबील! परवा दिलेले. तू चहाची पुडी त्यांच्याच डब्याजवळ ठेवलीस का काय?"

ठेवली होती. कोरड्या जिनसा वरच्या फळीवर, हा मीराच्या घरचा कायदा. कोकम तिथं, सोडे तिथं, बोंबील तिथं. मग पानंही तिथंच. खोक्यातल्या पुड्यांचं तोंड तिनं हौसेनं पहिल्याच दिवशी उघडून बघितलं होतं. डोंगरावरच्या कळीनं बिचारीनं दोन रात्रींत अख्खा दर्या हुंगून घेतला.

"धन्याला दे, धन्याला दे," लिली डोळे पुसत म्हणाली, "गोऱ्या लोकांचा चहा नि आमच्या बंदरचा वास. असं पानी कोनी पिलं नसेल."

"तुला हसू सुचतंय. इथं माझा जीव जातोय."

"चहासाठी?"

मीरानं खाली बसून बांगडे पसंत केले. लिलीनं तिच्याकडे जरा निरखून पाहिलं, एक बांगडा जास्त टाकला, आणि पाटी उचलून जिना उतरून गेली.

त्या दिवशी जयवंतांना चहा दिलाच नाही. त्यांनीही विचारलं नाही, आणि मीराला तेच जास्त लागलं. भांडले असते तर बरं झालं असतं.

चौथी पुडी जास्वंदीची. लाल झाला, आंबट झाला, जयवंत म्हणाले, "सोलकढीला नारळ कमी पडला." मीराला एकदम भरून आलं, आणि भरून आलं की तिला राग येतो. ती तरातरा आत गेली. कपाळ कपाटाच्या दाराला टेकून उभी राहिली. आईची एक सवय तिच्यात उतरली होती. जीव फार कोंडला की आई जात्यावरच्या चालीत काहीबाही जुळवायची. आता जातं नाही, आई नाही, चाल तेवढी राहिलेली. मीराच्या ओठांवर ती आपसूक आली:

कलली दुपार, ऊन आलं ओसरीला
आधण ठेविते, कुणी यावं सोबतीला

ओसरी तरी कुठं होती? स्वयंपाकघराची खिडकी, खिडकीला लोखंडी जाळी आणि जाळीत अडकलेलं ऊन.

पाचव्या दिवशी शेवटची पुडी. काळी, पिळदार पानं. मीरानं आज काही ठरवलं नव्हतं, आशाही फारशी धरली नव्हती. ही संपली की खोकं माळ्यावर टाकायचं आणि लेकीला कळवायचं, की बाई, तुझी कंपनी चालो, आमचं जमलं नाही. तिनं केटली भरली, बटण दाबलं. लाल दिवा लागला, आणि लगेच विझला. पंखा मंदावत मंदावत थांबला. फ्रिजची घरघर बंद पडली. खालून कुणीतरी ओरडलं, "लाईट गेली काय हो?"

"आता हेच राहिलं होतं!" मीरा केटलीला म्हणाली. "तू पण रुस."

तिनं संतापानं खालचं कपाट उघडलं आणि जुनं पातेलं ओढून काढलं. चहाचं. बुडाशी काळवंडलेलं, एका बाजूनं चेपलेलं, पहिल्या पुडीनंतर पुन्हा पालथं पडलेलं. ते ओट्यावर आदळलं तसा ठण्ण आवाज घुमला. पाणी ओतलं, काडी ओढली, गॅस भसकन पेटला. कागदावर लिहिलं होतं: पाणी उकळी फुटण्याच्या जरा आधी उतरवावं, तळाशी बारीक बुडबुडे दिसू लागताच. मीरा वाकली. चष्म्यावर वाफ आली. पुसला, वाकली, पुन्हा वाफ.

"गॅस मोठा आहे."

तिनं मान वळवली. जयवंत दारात होते. आले, ओट्याला टेकले, जिथं टेकायचे तिथंच. हात पुढं करून त्यांनी गॅस बारीक केला आणि नजर पातेल्यात लावली.

"काय बघायचंय?"

"बुडबुडे. मोठे नकोत. बारीक असतानाच उतरवायचं."

"हं. अजून नाही."

दोघंही पातेल्यात बघत राहिली. पंखा बंद असल्यामुळे बारीक सूं असा पाण्याचा आवाज ऐकू येत होता.

"माझ्या वडिलांचा पाय काढला होता," जयवंत पाण्याला म्हणाले.

मीरानं हातातला चमचा तसाच धरून ठेवला. हे तिला ठाऊक होतं. लग्न होऊन ती राजापूरला गेली तेव्हा सासरे कुबडीवर होते. पण जयवंतांच्या तोंडून तिनं हे कधी ऐकलं नव्हतं.

"आधी एक फोड आली होती. चपलेनं चावली म्हणाले. तळव्याला होती, दिसली नाही कुणाला." त्यांनी गॅस आणखी थोडा कमी केला. "रिपोर्ट मिळाला त्या दिवशी मी लगेच वर आलो नाही. खाली बाकावर बसलो होतो. पाय उचलेनात. म्हटलं, हिला काय सांगू."

"मग आरसा..."

"रोज बघतो तळवे. वाकून दिसत नाही, म्हणून आरसा खाली ठेवतो." ते अजूनही पाण्याकडेच बघत होते. "वेड्यासारखं वाटतं. पण बघितल्याशिवाय दिवस सुरू करवत नाही."

आणि आपण त्या आरशावरून रोज कटकट केली! मीराला त्यांच्याकडे वळावंसं वाटलं, हात धरावासा वाटला. पण ती वळली नाही. तिला आता कुठं उमगत होतं. चहा पोटात जायच्या कितीतरी आधीच हा माणूस बोलायला लागायचा. त्याच्या डोळ्यांना काहीतरी राखायला लागतं, मग जीभ मोकळी होते. लेथवरही असाच बोलत असेल, फिरत्या लोखंडाकडे बघत. आणि इतके दिवस आपण काय केलं? राखण काढून घेतली, तयार कप नेऊन पुढ्यात ठेवला, आणि वर तोंडाकडे टक लावून बसलो.

"मलापण दाखवत जा सकाळी," ती पातेल्याकडे बघतच म्हणाली. "मला वाकता येतं."

"तुझे गुडघे."

"तुमच्यापेक्षा बरे आहेत."

जयवंत हुंकारले. हसल्यासारखं काहीतरी होतं ते. "डॉक्टर म्हणाले, तसं घाबरायचं काही..."

फ्रिज दचकून घरघरला. पंखा फिरू लागला. लाईट आली होती; आणि ओट्याच्या कडेला भरून ठेवलेल्या केटलीचा लाल दिवा पेटला. ती आपली आपण गुणगुणायला लागली. जयवंतांनी तिच्याकडे पाहिलं. वाक्य तिथंच तुटलं. त्यांनी गॅसवरचा हात काढून घेतला, ओट्यापासून एक पाऊल मागं सरले.

"आली लाईट. होईल आता त्याचं ते," ते म्हणाले आणि बाहेर जायला वळले.

मीरानं हात लांबवला आणि केटलीची वायर खसकन ओढून काढली.

"अगं!"

"ते राहू दे. तुम्ही इथं बघा. उतू जाईल."

जयवंत थांबले. पातेल्यातल्या नुसत्या, बिनदुधाच्या पाण्याकडे त्यांनी पाहिलं, मग बायकोकडे.

"पाणी कुठं उतू जातं?"

"जाईल," मीरा म्हणाली. तिनं खलबत्ता पुढं ओढला आणि आल्याचा तुकडा आत टाकला. "लक्ष ठेवा. आणि डॉक्टर काय म्हणाले, ते सांगा."