पाऱ्यातला सूर्य

विश्वेश्वरशास्त्री गेले तेव्हा दुर्गाघाटावरचे लोक म्हणाले, थंडी बाधली. त्यांची एकुलती लेक आनंदी मनात म्हणाली, थंडी कसली, दिनानाथ बाधला.

कंपनीचं राज्य जाऊन राणीचं आलं होतं. दिनानाथ कलकत्त्याला गोऱ्या कप्तानाच्या हाताखाली राहून सेक्स्टंट नावाचं विलायती यंत्र घेऊन आला होता. पौषात भोसले घाटावर त्याने चारचौघांत शास्त्रीबुवांची घटिका खोटी पाडली. घटिकापात्र म्हणजे बुडाला बारीक भोक असलेली तांब्याची वाटी. पाण्यावर सोडायची, भरून बुडाली की एक घटिका. शास्त्रीबुवांना गंगाजलाशिवाय पाणी चालत नसे, आणि पौषातलं गार गंगाजल भोकातून आळसटून शिरतं. वाटी मागे पडत गेली. ते माध्यान्ह पुकारण्याआधीच दिनानाथने सूर्य कलल्याचं दाखवलं, आणि वर म्हणाला, "काका, वाटी घरी न्या. तूप वाढायला बरी आहे." लोक खो खो हसले. म्हाताऱ्याने अंथरूण धरलं ते माघात सुटलं.

पौषात त्या घाटावर आनंदी रडली नाही, यंत्र बघत राहिली. समुद्रावर यंत्राच्या आरशातला सूर्य क्षितिजावर टेकवायचा आणि यंत्राच्या कमानीवर उंची वाचायची; ती वाढायची थांबली की माध्यान्ह. काशीत कुठलं क्षितिज? समोर रामनगरची झाडं. म्हणून दिनानाथने परातीत पारा ओतला होता. आरशातला सूर्य पाऱ्यातल्या सूर्यावर टेकवला की कमान दुप्पट उंची दाखवते, तिचं अर्धं करायचं. पौषात सूर्य खाली असतो, भागून गेलं. पण ज्येष्ठात तो जवळजवळ डोक्यावर येतो, आणि त्या उंचीच्या दुपटीला पुरेल एवढी कमानच नव्हती. बापाकडून गणित शिकलेल्या आनंदीला हे उभ्या उभ्या कळलं. दिनानाथला कळलं नाही, त्याने सगळे उन्हाळे उघड्या समुद्रावर काढले होते, तिथे पारा लागतच नाही. ती डूख धरून बसली.

वेणीमाधवपंत साठे ज्येष्ठातल्या गंगादशहऱ्याला दुर्गाघाटावर शिवलिंग स्थापणार होते, ऐन माध्यान्ही. आनंदीच त्यांना म्हणाली, "पंत, वेळ सांगायचा मान दिनानाथरावांना द्या. आमच्या वाटीचं काय खरं?" दिनानाथ लगेच हरभऱ्याच्या झाडावर चढला.

त्या दिवशी ऊन मी म्हणत होतं. दिनानाथने कमानीवरचा दांडा सरकवला, आणखी सरकवला, तो कमानीच्या टोकाला अडला. दोन सूर्य काही जवळ येईनात. त्याचा घाम टपटप पाऱ्यात पडू लागला.

"झालं का? जल्दी सांगा!" पंत ओरडले.

आनंदीच्या पायाशी वडिलांनी पायरीवर कोरलेली दक्षिणोत्तर रेघ होती, तिच्याशिवाय कुणालाच ठाऊक नसलेली. तिने लोटी दोरीने लोंबकळत धरली. दोरीची बोटभर सावली रेघेवर आली. हीच माध्यान्ह. बाबांनी वैऱ्यालाही ओरडून सांगितली असती. त्यांनी जन्मात मुहूर्त टळू दिला नव्हता. आनंदीने ओठ मिटले. सावली रेघ ओलांडून गेली.

दिनानाथ वळला. "आनंदीताई, तुम्हीच सांगा. वेळ झाली?"

"टळली," ती सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली. "यंत्र घरी न्या, भाऊ. पारा तेवढा ठेवा, पोरींच्या उवा मारायला बरा आहे."

घाट पौषात हसला होता तसाच हसला. तिच्या जिवाला केवढा गारवा मिळाला!

मग ब्राह्मणांनी पिंडी पुन्हा पंच्यात गुंडाळली. आनंदीने हात जोडून महादेवाची माफी मागितली. बाबांची मागायची तिची छाती झाली नाही.