सिस्टरचे हात

“हातमोजे काढा, बाई.”

पंच इतक्या सहज बोलला की सिस्टरला वाटलं, तपासायचे असतील. तिने दोन्ही हात त्याच्यापुढे धरले. काळे, तळव्याला जाड हातमोजे. वर्षभर वापरून तिच्या बोटांच्या आकाराचे झालेले.

“दाखवू नका, काढा. स्पर्धेत हातमोजे चालत नाहीत.”

“कधीपासून?”

“पहिल्यापासून,” असं म्हणून तो हातातल्या यादीत पुढचं नाव शोधू लागला.

रांगेतली एक बाई फिसकन हसली. आपण पन्नाशीची बाई, पंचवीस वर्षं नोकरी केलेली, आणि पाटी घरी विसरलेल्या पोरीसारखी भर सभागृहात उभी! सिस्टरचे कान तापले. समोर लाकडी फळ्यांवर बार पडला होता, सत्तर किलोचा. तो जमिनीवरून उचलून सरळ उभं राहायचं आणि पंचाने सांगितलं की खाली ठेवायचा, एवढाच खेळ. तीन संधी. एका व्यायामशाळेतून प्रत्येक वयोगटातली एकच बाई पुढच्या फेरीला जाणार होती. पंचेचाळीसच्या पुढच्या गटात तिच्या व्यायामशाळेच्या दोघीच होत्या. एक ती आणि दुसरी तिची धाकटी जाऊ.

जावा-जावा, उभा दावा, असं जग म्हणतं. या दोघींनी ते सोळा वर्षं खोटं पाडलं होतं. एका ओट्यावर दोघी वावरल्या, पण भांडं वाजलं ते हातातून निसटून, आपटून नव्हे. सिस्टर इस्पितळात नवजात बाळांच्या वॉर्डात होती, धाकटी घरी. सिस्टरची पाठ धरली तेव्हा डॉक्टरांनी वजनं उचलायला सांगितली. एकटीने जायची लाज वाटली म्हणून तिने धाकटीला ओढत नेलं आणि दोघींना त्याची गोडी लागली. सोबत येणारी हौसेने चालते, नेणारी भीतभीत, तसंच झालं. पहिले काही महिने धाकटीच पुढे होती.

व्यायामशाळेत पहिला वाद झाला तो हातमोज्यांवरूनच. शिकवणारे मास्तर म्हणाले होते, “सिस्टर, हातमोजे म्हणजे मधे कापड. बार जाड होतो, बोटं पुरी वळत नाहीत. लोखंड हाताला कळलं पाहिजे. पडतील चार घट्टे, पडू देत.”

“तुमचं बरोबर आहे हो मास्तर,” सिस्टर म्हणाली, “पण हे हात माझे एकटीचे नाहीत.”

तिच्या वॉर्डात सातव्या महिन्यात जन्मलेली बाळं असत. त्यांची कातडी कांद्याच्या पापुद्र्यासारखी. त्यांना हात लावायचा तो साबणाने धुतलेला, ऊब आणलेला आणि मऊ. नखं, अंगठी, खरखर, काही चालत नसे. श्वास घ्यायला विसरलेल्या बाळाच्या तळपायावर ती अंगठा असा फिरवी की ते दचकायचं, पण दुखवलं जायचं नाही. मास्तरांनी हात जोडले. तिसऱ्या दिवशी धाकटीच दोन जोड घेऊन आली, एक तिच्यासाठी, एक स्वतःसाठी. “तुमच्याबरोबर मी पण घालते, ताई. म्हणजे कुणी तुम्हाला एकटीला हसायला नको.” सिस्टरला तेव्हा भरून आलं होतं.

आणि ते खोटंही नव्हतं. तेव्हा नव्हतं.

“अहो सिस्टर!” मास्तर घाईघाईने आले. “अजून हातमोजे? निरोप मिळाला नाही का?”

“कसला निरोप?”

“दोन महिने झाले. अर्ज भरले त्या दिवशी तुम्ही ड्यूटीवर होतात. तुमच्या जाऊबाईंना सांगितलं, दोघी आजपासून हातमोजे बंद करा, स्पर्धेत चालत नाहीत. हात तयार व्हायला सहा आठवडे तरी लागतात. नियमांचा कागदही दिला. त्या म्हणाल्या, सांगते.”

मास्तर सकाळी शिकवत आणि सिस्टर दुपारी, पाळी संपवून जाई. महिना-महिना दोघांची गाठ पडत नसे. घरातल्या घरात निरोप द्यायला चिठ्ठी कशाला लिहायची, असं त्यांना वाटलं असणार. कुणालाही वाटलं असतं.

सिस्टर वळली. धाकटी भिंतीशी बाकावर बसली होती आणि बुटाची नाडी बांधत होती. बांधलेलीच नाडी सोडून पुन्हा बांधत होती.

“हात दाखव.”

“काय हो, ताई?”

“हात दाखव गं.”

तिने वाट पाहिली नाही. रुग्णाचा धरतात तसा धाकटीचा उजवा हात धरून उलटा केला. बोटांच्या मुळाशी चार घट्टे होते. पिवळसर, कडेला गुळगुळीत झालेले, जुने. कातडीचं वय सिस्टरला कुणी शिकवायला नको होतं. आठवड्याभरात असे घट्टे येत नाहीत.

मग एकेक गोष्ट जागेवर बसत गेली. दोन महिन्यांपूर्वी धाकटी म्हणाली होती, “मी सकाळीही जाणार आहे. मास्तरांनी गुडघ्यासाठी वेगळा व्यायाम सांगितलाय.” सकाळी ती उघड्या हातांनी बार उचलत होती. दुपारी सिस्टरबरोबर आली की पिशवीतून हातमोजे काढून घालत होती. शेजारी उभी राहून म्हणत होती, “ताई, नव्वद! आता तुम्हाला कोण धरतंय!” इतरांच्या हातांवर पंचवीस वर्षं नजर ठेवणाऱ्या बाईने आपल्या घरातला हात पाहिला नव्हता. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

“विसरले हो, ताई,” धाकटी खालच्या आवाजात म्हणाली. “शपथ. अर्जांच्या गडबडीत राहूनच गेलं.”

“तू विसरलीस. तुझे हात नाही विसरले.”

नाव पुकारलं गेलं.

सिस्टरने तेव्हाच घरी जायला हवं होतं. हातमोजे पिशवीत टाकून, दार उघडून, सरळ बस पकडून. ही गोष्ट तिला पुढे कितीतरी वेळा सुचली. पण त्या क्षणी तिच्या डोक्यात बाळं नव्हती, वॉर्ड नव्हता. सोळा वर्षं होती. तिने हातांना पांढरी पूड चोळली आणि बार धरला. उघड्या हाताला लोखंड गार लागलं आणि खरबरीत. त्यावरच्या रेघा कातडीत रुतत होत्या. सत्तर किलो वर आले. ऐंशी किलो वर आले तेव्हा उजव्या तळव्यात काहीतरी सरकल्यासारखं झालं. तिने मूठ उघडून पाहिली नाही.

धाकटीनेही ऐंशी उचलले. तिसऱ्या वेळी तिने पंच्याऐंशी सांगितले आणि उचलले. तोंड लाल झालं, गुडघे थरथरले, पण हात हलले नाहीत. टाळ्या पडल्या.

सिस्टरने नव्वद सांगितले. ती सरावात नव्वद उचलत होती, एकदा नाही, चारदा. तिची पाठ तयार होती, पाय तयार होते. बार जमिनीवरून सुटला, नडगी ओलांडून गुडघ्यापर्यंत आला. मग बोटं एकेक करून उघडत गेली. ती उघडू नयेत म्हणून तिने दात आवळले, तरी उघडली. बार फळ्यांवर आदळला.

दोन्ही तळवे सोलले होते. उजव्याची कातडी सालीसारखी उलटली होती आणि बारवर ओला लाल ठसा होता. पंच पुढे आला. “बाई, बसा, बसा. अरे, पट्टी आणा कुणीतरी.”

“आधी स्पिरिट आणि कापूस द्या,” सिस्टर म्हणाली.

तिने कापूस भिजवला आणि ती बार पुसू लागली. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, दोनदा. पंच म्हणाला, आम्ही करतो. ती म्हणाली, “पुढच्या गटातल्या बायकांनी धरायचाय तो. रक्त आहे.” मघाशी फिसकन हसलेली बाई उठून तिच्यासाठी पाण्याची बाटली घेऊन आली.

बसमध्ये धाकटी पुढच्या बाकावर बसली. सिस्टर मागे. दोघींच्याही शेजारी जागा रिकामी होती.

घरी सासूबाई खिडकीपाशी वाटच पाहत होत्या. ऐंशी ओलांडलेल्या, पण कान शाबूत. “कोण जिंकलं गं?”

“धाकटी, आई,” सिस्टर म्हणाली.

“वा! आणि मोठे, तुझ्या हातांना काय झालं?”

“सोललं जरा.”

सासूबाईंनी एकदा हिच्याकडे, एकदा तिच्याकडे पाहिलं. जिंकून आलेल्या माणसाचं तोंड असं का, हे त्यांनी विचारलं नाही.

स्वयंपाकघरात धाकटीने नळ सोडला, बंद केला, पुन्हा सोडला. मग पाठमोरीच बोलली.

“तुम्हाला नाही कळायचं, ताई. तुम्ही रस्त्याने निघालात की लोक थांबवून पोर दाखवतात, ‘हिला तुम्हीच वाचवलंत’ म्हणतात. घरात कुणी आलं की आधी तुमची चौकशी. मी कोण? सिस्टरची जाऊ. व्यायामशाळेत पहिल्यांदा मास्तर सगळ्यांसमोर म्हणाले, ह्यांच्यात ताकद आहे. मग तिथेही तुम्ही पुढे गेलात. तिथेही! मला एक, एकच गोष्ट हवी होती.”

“मग मागायची होतीस.”

“मागून मिळते होय अशी गोष्ट?”

“मिळाली असती.” सिस्टर स्टुलावर बसली. पट्ट्या बांधलेले हात तिने मांडीवर ठेवले होते. “तू निरोप दिला असतास ना, तर मी अर्जच मागे घेतला असता. सहा आठवडे हाताला घट्टे पाडून मी बाळांना हात लावला असता होय? तुला माहीत नाही मी? मास्तरांशी भांडले कशासाठी होते? मी म्हटलं असतं, तू जा. दोघींचे हातमोजे उचलून पहिल्या रांगेत बसले असते आणि सगळ्यांत मोठ्याने ओरडले असते.”

धाकटीने नळ बंद केला. ती वळली. तिच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच काहीतरी फुटल्यासारखं दिसलं. हा हिशेब तिने दोन महिन्यांत एकदाही मांडून पाहिला नव्हता.

“आता?” ती म्हणाली.

“आता काय! उद्यापासून पंधरा दिवस, महिनाही लागेल, मी कपड्यांच्या खोलीत घड्या घालत बसेन. उघडी जखम घेऊन बाळाजवळ जायचं नाही, नियम आहे. तो नियम मात्र मला कुणी निरोपाने सांगावा लागत नाही. आणि त्यातलं निम्मं माझं पाप आहे. राग आला म्हणून मी हात घालून बसले. ते मी तुझ्या माथी मारत नाही.”

“ताई, मी मास्तरांना जाऊन सांगते. नाव काढून घेते.”

“काही नको. उचललेस ते तूच उचललेस. जा पुढच्या फेरीला.” सिस्टर उठली. दाराशी थांबली. “त्या दिवशी दोन जोड आणलेस ना, मला एकटीला हसू नयेत म्हणून. ती कोण होती गं? मला ती फार आवडायची.”

धाकटी रडू लागली. एरवी सिस्टरने तिच्या पाठीवर हात ठेवला असता. हात दुखत होते, हे एक कारण झालं. दुसरं कारण तिचं तिला माहीत होतं.

सोमवारी सकाळी सहाला ती गणवेश घालून तयार झाली. तळवे सुजले होते. साडेसहाची बस होती आणि केस मोकळेच होते. लांब केस, वेणीला दोन्ही हातांची दहाही बोटं लागतात, हे तिच्या आजवर ध्यानात आलं नव्हतं. दोनदा प्रयत्न करून तिने नाद सोडला.

दारात धाकटी फणी घेऊन उभी होती. रात्रभर झोपली नसावी. “बसा, ताई. घालून देते.”

सिस्टरने तिच्याकडे पाहिलं. मग तिच्या हातातून फणी अलगद काढून घेतली आणि ती सासूबाईंच्या खोलीत गेली. पलंगाशी जमिनीवर, त्यांच्याकडे पाठ करून बसली.

“आई, वेणी घाला.”

“मी?” सासूबाई उठून बसल्या. “अगं, माझी बोटं लटलट कापतात. धाकटी नाही का घरात?”

“आहे.”

केसांतली फणी थांबली. मग पुन्हा चालू झाली. सासूबाईंच्या बोटांतून पेड सुटत होते, त्या पुन्हा गोळा करत होत्या, मधेच “दुखतंय का गं” म्हणत होत्या. सिस्टर नाही म्हणत होती. साडेसहाची बस गेली. वेणी झाली ती वाकडी, एका बाजूला सैल, दुसऱ्या बाजूला ताणलेली. सासूबाई म्हणाल्या, “राहू दे, सोडून पुन्हा घालते.” सिस्टर म्हणाली, “छान आहे.”

तिने पर्स कोपरात अडकवली. धाकटी अजून दारातच उभी होती, बाजूला सरकून तिने वाट दिली.

“येते हं, आई,” सिस्टर म्हणाली.

रोज ती हे दोघींना म्हणायची.