राहिलेलं उदाहरण

बसप्पा शिपायाने कपाटातून साड्यांचं गाठोडं ओढलं आणि थेट प्राध्यापकांच्या टेबलावर सोडलं. डांबरगोळ्यांचा वास खोलीभर झाला. डॉ. धोंडीराम नाईकनवरे यांनी चहाचा कप उचलून बाजूला धरला.

"अरे, इथं कशाला?"

"दुसरीकडं जागा न्हाय सर. अकराला कमिटी येतीया. बायकास्नी साड्या नेसायच्यात अजून."

निळ्या काठाच्या या साड्या म्हणजे बी.एड. कॉलेजचा गणवेश. मागच्या तपासणीनंतर त्या आजच उजेडात येत होत्या. हजेरीपटावरची खरी माणसं प्रवेश घ्यायला येत आणि नंतर परीक्षेला उगवत. मधल्या काळात वर्ग पारव्यांच्या ताब्यात असे. म्हणून तपासणीच्या दिवशी बसप्पा अक्कलकोट रोडच्या कारखान्यांतून टॉवेलला शिलाई मारणाऱ्या, घड्या घालणाऱ्या बायका-पोरी घेऊन येई. साडी नेसवली, गळ्यात कुणाचं तरी ओळखपत्र अडकवलं, की झाल्या विद्यार्थिनी.

नाईकनवरे सरांना या सगळ्याची शिसारी होती. प्राचार्य बिराजदारांची होती, तपासणीला येणाऱ्या समितीची होती, न येणाऱ्या विद्यार्थ्यांची तर होतीच. स्वतःची तेवढी नव्हती. ते रोज येत, सही करत, पेपर वाचत आणि जेवायला घरी जात. शिकायला कुणी नसेल तर काय भिंतींना शिकवायचं, हा सवाल त्यांनी इतकी वर्षं केला होता की त्याला उत्तर असू शकतं हेच विसरून गेले होते. 'बालकेंद्री शिक्षण' या विषयात त्यांची पीएच.डी. होती आणि ती करताना एकाही बालकाचा त्यांना त्रास झाला नव्हता. आता निवृत्ती दोन-तीन महिन्यांवर आली होती. तेवढे दिवस बिनबोभाट जावेत, एवढीच त्यांची शैक्षणिक आकांक्षा उरली होती.

प्राचार्य घाईघाईने आत आले.

"सर, समिती तुमच्या तासाला बसणार आहे. जरा रंगवा."

"कुणापुढं? टॉवेलवाल्यांपुढं?"

"बाकं भरल्याशी मतलब," प्राचार्य म्हणाले आणि हार आले का बघायला गेले.

सरांनी तास रंगवायचा नाही असं ठरवूनच वर्गात पाऊल टाकलं. विषय सज्जतेचा नियम. तो त्यांना झोपेतही सांगता आला असता.

"या नियमाचे दोन भाग आहेत. एक, शिकायला तयार असलेल्या माणसाला शिकू दिलं नाही, तर तो तळमळतो. दोन, तयार नसलेल्याला बळंच शिकवलं, तर तो वैतागतो. आधी दुसऱ्याचं उदाहरण घेऊ. माझ्या पुतण्याला घरच्यांनी तबल्याच्या क्लासला घातलं. वर्षभरात तबला फुटला, पुतण्या होता तसाच राहिला."

बायका हसल्या. तोंडाला पदर लावून, खरोखरच्या हसल्या. सर दचकले. या विनोदाला आजवर कुणी हसलं नव्हतं. त्यांनी खडू उचलला, फळ्यावर 'एक' असा आकडा काढला आणि नकळत त्यांचा आवाज चढला. तेवढ्यात समितीच्या अध्यक्षांनी घड्याळ पाहिलं. समिती उठली, तास संपला.

जेवणात कडक भाकरी आणि शेंगाचटणी होती. प्रत्येक सदस्याला एकेक चादर देण्यात आली. सोलापुरी चादर मिळाली की तपासणीला गाढ झोप लागते, असं सर मनात म्हणाले आणि त्यांनी आणखी एक भाकरी घेतली.

दुपारी साड्या परत आल्या. शेवटची साडी घेऊन एक पोरगी सरांच्या दाराशी उभी राहिली. साडीची घडी काठाला काठ लावून घातलेली. गळ्यातलं ओळखपत्र वैष्णवी नावाच्या कुणाचं होतं. ते काढत तिने आपलं नाव सोनम असल्याचं सांगितलं.

"सर, पयल्या भागाचं उदाहरन ऱ्हायलं की."

"काय?"

"दुसऱ्याचं सांगितलं तुमी, तबल्याचं. पयल्याचं सांगायच्या आदीच समदी उटली."

सरांनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं.

"किती शिकलीस?"

"बारावी. जेऊरला. मग लगीन झालं, फुडं कुणी शिकू दिलं न्हाय."

"मग तुला काय करायचंय त्या उदाहरणाचं?"

"काय न्हाय. ऐकायचंय."

सरांना हसू आलं. टॉवेलच्या घड्या घालणारीला मानसशास्त्र हवं होतं!

"उद्या ये," माशी हाकलावी तसं ते म्हणाले. "अकराला. वर्गात."

"व्हय सर. कारखान्यात दुपारपाळी मागून घेते," ती म्हणाली. जाताना तिने टेबलावर पडलेला साड्यांचा ढीगही नीट लावला.

समिती खूश होऊन गेल्यामुळे दुसऱ्या दिवशी कॉलेजात जायचं सरांना काही कारणच नव्हतं. ते घरी पोह्यांची बशी आणि पेपर घेऊन बसले होते. फोन वाजला. बसप्पा होता.

"सर, कालची ती सोनम आलीया. वर्गात बसलीया एकलीच. वही बी आनलीया. काय सांगू?"

सरांचा चमचा बशीतच थांबला. मग त्यांनी घास घेतला.

"सांग, सर रजेवर आहेत."

फोन चालूच राहिला. बसप्पाच्या चपलांचा आवाज, दाराचं करकरणं, मग अस्पष्ट बोलणं. सर पेपरचं पान उलटायचं विसरले.

"सांगितलं सर."

"मग? गेली?"

"न्हाय. इचारती, दुसरं कोन शिकवनारं हाय का हितं?"

सरांना प्राचार्य आठवले, मग बाकीचे सहकारी एकेक करून आठवले, आणि एकाचंही नाव ओठांवर येईना. फोनमधून बाक सरकल्याचा आवाज आला.

"बसप्पा, तिला थांबव. मी निघतोय. थांब म्हणावं तिला."

ते उठले. एका पायात चप्पल सरकवली, दुसरी सापडेना.

"आता कुटं सर," बसप्पा म्हणाला, "गेली की ती. लई तळमळली बगा."