उघडी छत्री आणि आदरणीय सदस्य

आमच्या चिरंजीवांना मोबाइलवर 'जागल्या' म्हणतात. घरात चार हाका मारल्याशिवाय जागा होत नाही तो.

अकरा वर्षांपूर्वी रंगाच्या कारखान्याला आग लागली, त्यात ह्याचा बाप गेला. हा तेव्हा बारा वर्षांचा. आग लागली नाही, लावली, असं म्हणणाऱ्यांचा एक ग्रुप आहे, त्यात हा सहा वर्षं शोध करतोय. त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. मालकाला मी काय कमी शिव्या घातल्यात? पण ह्यांच्यात शिवी चालत नाही म्हणे. एकमेकांना 'आदरणीय' म्हणायचं. तोंड सुटलं की ग्रुपबाहेर.

परवा सकाळी हा चहा गार करत मोबाइलमध्ये डोकं घालून बसलेला. मी वाकून पाहिलं. पेपरातला जुना फोटो. कारखान्याचं फाटक आणि उघडी छत्री धरून रडणारी मी. माझ्याभोवती लाल गोल.

"हे काय रे?"

"काही नाही."

"वाच. मी दुसरीपर्यंतच शिकले, पण स्वतःचं तोंड ओळखते."

त्यानं वाचलं. 'तिसरा डोळा' नावाच्या कुणी दिवट्यानं लिहिलं होतं, 'आदरणीय सदस्यहो, नम्रपणे मांडतो. कडक ऊन असून छत्री उघडी. ही आतल्या माणसांना खूण होती. बाई भाड्यानं रडायला आणलेली.'

"मग तू काय लिहिलंस?"

त्यानं मोबाइल पालथा घातला. मी मोबाइल ओढला, अक्षर अक्षर लावलं. 'आपल्या मताचा आदर आहे.'

"आदर? माझं रडणं भाड्याचं म्हणणाऱ्याचा?"

"आई, तिथं असंच बोलतात. आणि नातं कळलं तर मला शोधातून काढतील. घरच्यांचा शब्द धरत नाहीत ते." मग खाली बघत म्हणाला, "पण खरंच, छत्री उघडी का होती?"

माझं टाळकं सटकलं. कपाटामागे दाबून ठेवलेली छत्री काढली आणि त्याच्या मांडीवर आपटली. फट्‌कन उघडली.

"मिट आता. खटका कोणी मोडला होता? तलवार तलवार खेळताना?"

त्याचा चेहरा उतरला.

"दुरुस्तीलाच नेत होते. भोंगा झाला. मिटेना, तशीच पळाले."

त्यानं खटका दोनतीनदा दाबून पाहिला. मग लिहिलं, 'ती माझी आई आहे. छत्री मी मोडली होती.'

उत्तर लगेच आलं. 'आदरणीय जागल्या, माहितीबद्दल आभार. म्हणजे आपणही त्यांचेच माणूस.' खाली ह्याचा फोटो, त्याच्याभोवती लाल गोल.

ह्यानं एकच शब्द लिहिला. तो मला लावून वाचावा लागला नाही. त्याच्या बापाचा आवडता होता. पाच मिनिटांत ह्याला ग्रुपमधून काढलं.

"झालं समाधान?" माझ्यावर खेकसला. "सहा वर्षं पाण्यात घातलीस!"

"छत्री तू मोडलीस आणि पाण्यात मी घातली? ऊठ, दुरुस्तीला टाकून ये. आणि शिवी द्यायचीच तर नीट दे. तुझा बाप एकीवर थांबत नसे."

पाय आपटत गेला. भर उन्हात, उघडी छत्री घेऊन. काढा म्हणावं फोटो.